व्हेरोनाचा ऑपेरा आणि बसची सहल: जावं की नाही?

अबोली६२:
नमस्कार मंडळी. मुलगी म्युनिकला असते. येत्या जुलैत आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे जाणार आहोत. तिला सुट्टी मोजकीच, म्हणून मधल्या पाच दिवसांसाठी तिने एक गटसहल शोधलीय. म्युनिकहून बसने ब्रेनर घाट उतरून इटलीत, गार्डा सरोवराच्या काठी मुक्काम, एक दिवस बोट, एक दिवस द्राक्षमळे, आणि एका रात्री व्हेरोनाच्या रोमन रिंगणात ‘आयदा’. सोबत इंग्रजी-जर्मन बोलणारा माणूस.

दुसरीही एक सहल आहे. तिच्यात हॉटेल व्हेरोनातच, दोन ऑपेरा (‘आयदा’ आणि ‘नाबुक्को’), प्रयोगाआधी कुणी जाणकार तासभर समजावून सांगणार. पण पैसे जवळजवळ दुप्पट.

माझ्या अडचणी: ह्यांचा उजवा गुडघा. शाकाहार (अंडं चालतं). आणि ऑपेरातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. मी नाट्यसंगीतावर वाढले, पेटी वाजवते. ह्यांचं म्हणणं, न कळणाऱ्या भाषेतलं किंचाळणं ऐकायला रात्री साडेबारापर्यंत दगडावर कोण बसणार? ऑपेरा हाउस म्हटलं की मला चर्नी रोड आठवतं, तेवढीच आमची ओळख. कुणी गेलंय का? स्वस्तातली घ्यावी का?

एकटा_जीव:
सहल कशाला हवी? म्युनिकहून व्हेरोनाला थेट रेल्वे आहे, साडेपाच तासांच्या आसपास. पोर्टा नुओवा स्थानकावर उतरायचं, तिथून रिंगण चालत वीस मिनिटांवर. तिकीट ऑनलाइन काढा, आसपास खोली घ्या, दोन रात्री राहा, परत या. बसमध्ये चाळीस जणांबरोबर ‘आता सगळ्यांनी शू करून घ्या’ ऐकण्यापेक्षा बरं.

अबोली६२:
सल्ला पटतो, पण एकट्याने जायला ह्यांची तयारी नाही. परदेशात बॅग आणि गुडघा दोन्ही एकदम सांभाळणं होत नाही म्हणतात.

मुक्कामीगाडी:
अबोलीताई, मी एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे गाण्याचं मला विचारू नका, बसचं विचारा. दोन वर्षांपूर्वी मुलाने आम्हा दोघांना स्टुटगार्टहून अशाच सहलीला पाठवलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. गटात ३८ माणसं, आमच्याशिवाय सगळे जर्मन पेन्शनर. आम्ही सत्तरीतले त्यांच्यात तरुण दिसत होतो.

आधी चांगलं सांगतो. रिंगण बघूनच पैसे फिटतात. पहिल्या शतकातलं बांधकाम. १११७ साली भूकंप झाला, त्यात बाहेरची भिंत गेली, आता तिच्या फक्त चार कमानी उभ्या आहेत. आतल्या पायऱ्या मात्र आहेत, आणि त्यांच्यावरच माणसं बसतात. पायरी म्हणजे आपल्या गुडघ्याइतकी उंच, पाठीला टेकू नाही, मागच्याचे पाय आपल्या कमरेशी. चढायला मधूनमधून लहान पायऱ्या आहेत, पण धरायला काही नाही. दगड दिवसभर तापलेला असतो, रात्री नऊला बसलो तरी खालून शेक लागत होता. आमची ही म्हणाली, कंबर शेकायला बरंय. दारात उश्या भाड्याने मिळतात, घ्याच.

अंधार पडू लागला की पायऱ्यांवरची माणसं छोट्या मेणबत्त्या पेटवतात. जुनी पद्धत आहे म्हणे. आम्ही वाईचे, तेव्हा त्रिपुरी पौर्णिमेचा घाट आठवायचा तो आठवलाच. मग नाटकातल्या वेषातली एक बाई येते, हातातल्या थाळीवर टोला देते, आणि सगळं रिंगण चिडीचूप. हजारो माणसं, आणि खोकलासुद्धा नाही. आमच्या फलाटावर तीस माणसं असली तरी असं कधी झालं नाही.

आता बसचं. तुमच्या पहिल्या सहलीत हॉटेल गार्डाकाठी आहे. आमचंही तिथेच होतं, व्हेरोनापासून पाऊण तास. सकाळी दहाला निघालो. सिर्मिओनेला किल्ला, मग बोट, मग जेवण, मग वाल्पोलिचेल्लात वाइन चाखायला (आम्ही लिंबाचं सरबत), संध्याकाळी व्हेरोना. कार्यक्रमपत्रिका वाचताना भरगच्च वाटते. मला मात्र सकाळीच पाल चुकचुकली. युरोपात बसचालकाला २४ तासांत ११ तास सलग विश्रांती द्यावी लागते. आठवड्यातून तीनदा ती ९ तासांवर आणता येते, त्याखाली नाही. म्हणजे ड्यूटी सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त १५ तासांनी गाडी बंद. मधे बस उभी असली तरी हे घड्याळ चालूच राहतं, आणि सगळं टॅकोग्राफवर, म्हणजे गाडीतल्या नोंदयंत्रावर, उमटतं, तिथे ‘जरा बघून घ्या साहेब’ चालत नाही. गाडी तपासायची धरून चालकाची ड्यूटी पावणेदहाला सुरू. त्यात १५ मिळवा: रात्री पाऊण. तेवढ्यात बस हॉटेलच्या दारात लागायला हवी.

आणि ‘आयदा’ चार अंकांचं! सव्वानऊला सुरू झालं, मधे दोन मोठी मध्यंतरं. तिसरा अंक संपला तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. आमची गाइडबाई छत्री वर करून उभी राहिली: चला, बस. आम्ही बाहेर. खाली पियात्सा ब्रा नावाचा मोठा चौक आहे, तिथे जमायचं ठरलं होतं. डोकी मोजली तर ३६. दोन जर्मन आजीबाई कमी. गाइडने फोन केला, उचलेनात. त्यांना सोडून जाता येईना, परत आत जायला दारावरचा माणूस सोडेना. आम्ही ३६ जण चौकात उभे, आणि आत शेवटचा अंक चालू.

त्या चौकात इतर दिवसांच्या ऑपेराचं नेपथ्य ठेवलेलं असतं, क्रेनने भिंतीवरून आतबाहेर करतात. मी एका देवळाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पुढून संगमरवर. मागे गेलो तर लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, एका जोडाला सुतळी गुंडाळलेली आणि खडूने लिहिलेला नंबर. हिने खांबावर टिचकी मारून पाहिली, पोकळ. तेवढ्यात वरून आवाज आला. नीट ऐकू आला म्हणणार नाही, पलीकडे हॉटेलवाल्यांच्या बश्या वाजत होत्या. पण एका बाईचा बारीक, लांबलेला सूर आणि त्याखाली पुरुषाचा. आमच्यातले बोलायचे थांबले. मग सूर इतका बारीक होत गेला की संपला कधी ते कळलंच नाही, टाळ्या आल्या तेव्हा कळलं.

आजीबाई शेवट झाल्यावर आल्या, हातात हात घालून, दोघींचे डोळे लाल. गाइड त्यांना बोलली असेल ते जर्मनमध्ये. बस हॉटेलवर दीडला पोचली. चालकाचं तोंड एवढंसं झालेलं, आणि दुसऱ्या दिवशीची मांतुआची सकाळची फेरी रद्द. चालकाला दोष देऊ नका, दोष ड्यूटी लावणाऱ्याचा. माझ्या आगारात असा तक्ता कुणी लावला असता तर मी सही केली नसती.

तेव्हा कंपनीला आधी विचारा: हॉटेल कुठे, प्रयोगाच्या दिवशी बस सकाळी किती वाजता निघणार, आणि शेवटपर्यंत थांबणार ना. बाकीचं नंतर.

कोमलनिषाद:
वा, मुक्कामीगाडीकाका! तुम्ही नेमका तो शेवट बाहेरून ऐकलात, ज्यासाठी मी अख्खं ‘आयदा’ बघते.

अबोलीताई, मी पाश्चात्त्य गाणं शिकते, म्हणून थोडं गाण्याचं. गोष्ट सोपी आहे. इजिप्तचा सेनापती रादामेस, त्याचं शत्रूच्या राजकन्येवर, म्हणजे दासी होऊन राहिलेल्या आयदावर प्रेम, आणि इजिप्तची राजकन्या आम्नेरिसचं ह्याच्यावर. दुसऱ्या अंकात विजयाची मिरवणूक, लांब तुताऱ्या, पोस्टरवर तेच असतं. पण खरं नाटक नंतर. रादामेसला जिवंत पुरतात, आणि अंधारात त्याला दिसतं की आयदा आधीच येऊन लपलीय. वर आम्नेरिस शांतीची प्रार्थना म्हणते, खाली हे दोघं हळूहळू विझतात. मोठ्या आवाजाचा ऑपेरा असा हलक्या आवाजात संपतो. बसवाल्यांनी नेमका हाच भाग कापायला घेतला!

‘आयदा’ आणि ‘नाबुक्को’ दोन्ही रचणाऱ्या व्हेर्दीचा जन्म १८१३ चा. त्याच्या शताब्दीला, ऑगस्ट १९१३ मध्ये, जोव्हान्नी झेनातेल्लो नावाच्या गायकाच्या पुढाकाराने ह्या रिंगणातला ऑपेरा महोत्सव सुरू झाला, तोही ‘आयदा’नेच. दोन महायुद्धांत, मग करोनात खंड पडला, म्हणून शंभरावा महोत्सव २०२३ मध्ये आला. गाजलेली गायिका मारिया कालासने इटलीत पहिल्यांदा गायलं ते इथेच, १९४७ मध्ये.

एक मात्र आधीच सांगते. ही बैठक नव्हे. मुळात माइकशिवाय गायची रीत, वर आकाश, समोर हजारो माणसं. वारा फिरला की सूरही फिरतो. बारीक हरकती शोधायला गेलात तर हिरमोड होईल, आवाजाची फेक ऐका. पहिल्या अंकात पडदा उघडल्यावर काही मिनिटांतच नायकाला त्याचं सगळ्यात अवघड गाणं असतं, घसा तापायच्या आत! शेवटचा वरचा सूर व्हेर्दीने विरत जाणारा लिहिलाय, बहुतेक गायक तो ठणकावून लावतात. आणि ‘नाबुक्को’ला गेलात तर गुलामांच्या कोरसला लोक हटकून दुसऱ्यांदा गायला लावतात. वन्स मोअर आपल्यालाच माहीत आहे असं नाही.

जायच्या आधी दोघांनी एकदा घरी ‘आयदा’चा तिसरा आणि चौथा अंक ऐका. मुंबईत असाल तर एनसीपीएमध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचे ऑपेरा पडद्यावर दाखवतात, त्यावरही लक्ष ठेवा.

पाऊस: पहिला थेंब पडला की व्हायोलिनवाले वाद्य पोटाशी धरून उठतात, ते बघून घाबरू नका, बऱ्याचदा परत येतात. पण प्रयोग सुरू झाल्यावर थांबला तर पैशांचं काय, हा नियम तिकीट काढतानाच वाचून घ्या. पातळ रेनकोट न्या, छत्री उघडलीत तर मागचे ओरडतील.

एकटा_जीव:
खाण्याचं राहिलं. रिसोत्तो शाकाहारी दिसतो पण बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो, ‘ब्रोदो’ कशाचा ते विचारा. पोलेंता म्हणजे मक्याची घट्ट पेज, तिच्यावर मशरूम, चालेल. व्हेरोनात घोड्याचं मांस जुन्या काळापासून खातात, मेनूकार्डावर ‘कावाल्लो’ दिसलं की पुढे सरका.

आणि काकांचं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. रेल्वे!

अबोली६२:
सगळ्यांचे आभार. काकांचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आजीबाईंपाशी आल्यावर हे इतके हसले की गुडघा विसरले. आता म्हणतात, जाऊ. पण घोड्याचं कळल्यापासून पोळ्यांचा डबा न्यायचा म्हणून मागे लागलेत.

मुलीने पहिल्या कंपनीला फोन लावला. बस शेवटपर्यंत थांबणार का, तर ‘हो हो, अर्थात’. मग तिने काकांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, त्या दिवशी सकाळी किती वाजता निघणार. तिकडचा माणूस गप्प. म्हणाला, विचारून सांगतो. संध्याकाळी त्याचाच फोन आला: त्या दिवशी सकाळी मोकळा वेळ, बस दुपारी तीनला निघेल. जास्तीचे पैसे भरले तर पायऱ्यांऐवजी खाली खुर्च्याही मिळतील. तेवढे भरूनही दुसऱ्या सहलीपेक्षा बरंच स्वस्त पडतंय. घेऊन टाकू का?

कोमलनिषाद:
घ्या! खुर्च्यांत बसणार तर ह्यांना पूर्ण पँट घालायला सांगा, तिथे अर्ध्या चड्डीला हरकत घेतात.

मुक्कामीगाडी:
तीनला निघते म्हणजे सकाळी पावणेसहापर्यंत चिंता नाही. ‘तीन’ हे मेलवर लिहून घ्या, फोनवरचं धरायचं नाही. आणि परत आल्यावर इथे लिहा, तो शेवट आतून कसा ऐकू येतो ते. ही विचारत असते.