पाच ठिकाणचं देणं, पगार एकच. आधी कुणाचं भागवू?

उद्यमबागचा_टर्नर | रविवार, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. नाव सांगत नाही, समजून घ्या. वय 39. बेळगावच्या उद्यमबागेत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे. गाव बेळगावपासून बसने अर्ध्या तासावर, घर स्वतःचं. हातात 23,500 येतात. बायको पिको-फॉल करते, तिचे चारेक हजार. आईला सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 येतात, पण ते तिच्या गोळ्यांना जातात, मी हात लावत नाही.

सुरुवात सव्वादोन वर्षांपूर्वी गावच्या लक्ष्मी यात्रेपासनं झाली. बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे गावची यात्रा दरवर्षी नसते, कित्येक वर्षांनी एकदा भरते. त्यामुळं आली की घराला रंग, नवी फरशी, लेकी-जावयांना कपडे आणि जेवणावळी. मी 300 ताटं धरली होती, मोजायचं सोडलं तेव्हा 500 च्या पुढं गेली होती. भावकीत एकानं दारात मांडव घातला म्हणून मी बी घातला. सोसायटीचं 2 लाख कर्ज त्यातच गेलं.

आता हिशोब सांगतो, हसू नका. सोसायटीचे 1,30,000 बाकी, 14 टक्के, हप्ता 4,800, कामावरचे दोघे जामीन. बायकोचे अडीच तोळे बँकेत, त्यावर 85,000. ते यात्रेच्या आधीचं, आप्पांच्या ऑपरेशनला काढलेलं. वर्षाला व्याज भरून फिरवतोय. क्रेडिट कार्डाचे 62,000, महिन्याला कमीत कमी म्हणून 3,100 भरतो. 20 जणांची 5,000 ची भिशी, चौथ्याच नंबरला तोटा सोसून उचलली, अजून 9 महिने भरायची आहे. आणि एकाकडनं 50,000 शेकडा पाचनं घेतलेत. महिन्याला 2,500 नुसती बड्डी, म्हणजे व्याज. सोळा महिने देतोय. कोरा चेक त्याच्याकडं आहे. हे पाचवं घरी माहीत नाही.

पाच तारखेला तो शॉपच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर येऊन बसतो. काही बोलत नाही, चहा पितो. पण सगळे बघतात, म्हणून त्याचं पहिलं देतो. मग भिशी, कारण गल्लीतली माणसं. मग कार्ड, कारण फोन येतात. सोसायटी ओरडत नाही म्हणून ती मागं राहिली, दोन हप्ते चुकले. गेल्या आठवड्यात नोटीस आली, कन्नडात. मला बोलता येतं, वाचता येत नाही. सातवीतल्या पोराकडनं वाचून घेतली. एक ‘जामीनदार’ तेवढा मला कळला, तो शब्द दोन्हीकडं सारखाच. पोरगा वाचून झाल्यावर काही बोलला नाही. सायकल मागायचा, त्या दिवसापासनं मागत नाही.

जामीन राहिलेल्या दोघांनाही नोटीस गेली आहे. एक जण माझ्या शेजारच्या मशीनवर असतो.

16 गुंठे पड जमीन आहे, एजंट विचारायलाय. विकून मोकळा होऊ? का मोबाईलवर ते झटपट कर्जाचं अ‍ॅप असतं, त्यातनं एकदमच काढून सगळ्यांचं भागवू? काय करू सांगा की वो.

निवृत्त_वसुली_कारकून | सोमवार, सकाळी 6:50

मी तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस, माझी एकसष्टी झाली. पतसंस्थेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी वसुलीला. नोटिसा मीच लिहायचो. तुझ्यासारखे किती पाहिले त्याला गणती नाही, आणि सगळे तू करतोस तेच करतात. जो दारात येतो त्याला आधी देतात. कोण ओरडतो ते बघू नकोस, कोण किती खातो ते बघ.

‘शेकडा पाच’ म्हणताना जीभ जड होत नाही, कारण ते महिन्याचं असतं. वर्षाचं म्हण. साठ टक्के! सोळा महिन्यांत तू त्याला 40,000 दिलेस आणि मुद्दल 50,000 तसंच उभं आहे. आणखी चार महिन्यांनी व्याजच मुद्दलाएवढं होईल.

कार्डाचं ऐक. त्यांचा दर बहुतेक महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो, स्टेटमेंटवर बारीक अक्षरात छापलेला असतो, बघ. 62,000 वर साडेतीन टक्के म्हणजे 2,170. व्याजावर 18 टक्के जीएसटी, ते 390. तू 3,100 भरतोस त्यातले 2,560 असेच गेले, मुद्दलातनं उतरले 540. आणि मागची बाकी असताना त्या कार्डावर नवीन पेट्रोल टाकलंस तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, टाकल्या दिवसापासनं व्याज. कार्ड आजच पाकिटातनं काढून घरी ठेव.

आता उलट्या बाजूनं बघ. भिशीचं तू उगाच डोक्याला लावून घेतलंस. तोटा उचलताना झाला तो झाला, आता तिला पुढं व्याज चढत नाही. नऊ महिने गुमान भर, संपली की 5,000 मोकळे. गहाणाचं व्याज साधारण दहा टक्के, तुझ्या सगळ्यात स्वस्त कर्ज तेच. आणि तिथंच तुझी वाट आहे. तीन वर्षांत सोन्याचा भाव दुपटीवर गेलाय. तेच अडीच तोळे फिरवून घेताना बँक आज 85,000 च्या वर सहज देईल. आणखी 60,000 घे, एक रुपया जास्त नको. 50,000 त्या चहावाल्या सावकाराच्या तोंडावर मार, 9,600 सोसायटीचे दोन थकलेले हप्ते. गहाणाचं व्याज महिन्याला पाचशेनं वाढेल, बड्डीचे अडीच हजार वाचतील. म्हणजे निव्वळ दोन हजार.

ते दोन हजार मात्र बाजूला पडले पाहिजेत. भिशी संपली की त्यात पाच घाल. महिन्याला सात हजार गहाणाच्या मुद्दलात गेले तर त्यानंतर दोन वर्षांत दागिने घरी. हे नाही केलंस तर आज मी तुला फक्त आणखी एक टोपी दिली, दुसऱ्याच्या डोक्यावर घालायला. आणि सोन्याचं व्याज चुकलं तर लिलाव होतो, तेही मी पाहिलंय.

कार्डाच्या बँकेला फोन करून बाकीचे हप्ते बांधून माग. दर विचार. समज 18 टक्क्यांनं 24 महिन्यांचे बांधून मिळाले तर हप्ता 3,095 च्या आसपास बसतो, वर थोडा जीएसटी. म्हणजे आज भरतोस तेवढेच, पण दोन वर्षांत संपतं. मात्र ‘सेटलमेंट करून टाका’ म्हणाले तर लगेच हुरळू नकोस. थोडं माफ करतात खरं, पण सिबिलच्या, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत ‘सेटल्ड’ राहतं, पूर्ण फेडल्यासारखं ‘क्लोज्ड’ नाही. पुढं घराला कर्ज मागायला गेलास की तो शब्द आडवा येतो.

जमीन विकू नकोस. पावणेचार लाखांच्या देण्यासाठी जमीन विकलेल्यांची घरं मला माहीत आहेत. पैसा आला की आधी मोटारसायकल येते.

मच्छेकर | सोमवार, सकाळी 9:15

काकांचा हिशोब बरोबर, पण एक जागा पटली नाही. जामीन राहिलेल्याचं पहिलं बघा, टक्के मग. मी एकाला जामीन राहिलो होतो. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्था आधी त्याच्याकडं जाऊन मग माझ्याकडं येईल असं काही नाही. माझ्या पगारातनं अकरा महिने कापले. तो माणूस मला बघून रस्ता बदलायचा. पैशाचं मी विसरलो, रस्ता बदलायचं विसरलो नाही. दादा, सोनं फिरवायला आठ दिवस लागतील, त्या शेजारच्या मशीनवाल्याशी आजच बोला. डबा खातानाच बोला.

निवृत्त_वसुली_कारकून | सोमवार, सकाळी 9:40

मान्य. दोन हप्ते त्याच यादीत घातलेत की, पण बोलायचं मी लिहिलं नाही. आम्हा कारकुनांना आकडे दिसतात.

शहापूरची_शिवणवाली | सोमवार, दुपारी 3:05

दादा, दागिने कुणाचे? वैनींचे. सही कुणाची लागणार? गहाण त्यांच्या नावावर असेल तर त्यांचीच. आणि पाचवं कर्ज त्यांना माहीत नाही म्हणता? मग साठ हजार कशाला वाढवताय म्हणून विचारल्यावर काय सांगणार, परत आप्पांचं ऑपरेशन? पोराला नोटीस माहीत आहे, चहाच्या गाड्याला माहीत आहे, आता आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

माझं सांगते. मालक पॉवरलूमवर, साड्यांचं काम कधी असतं कधी नसतं. मी तीन गटांतनं मायक्रोफायनान्सचं उचललं होतं. एकाचा हप्ता भरायला दुसरं, दुसऱ्याचा भरायला तिसरं. एकीनं नाही भरलं की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात बसायच्या, म्हणजे बसवायचे त्यांना. मीही बसले आहे दुसरीच्या दारात, रात्री साडेआठपर्यंत. त्याची लाज अजून जात नाही. नंतर कळलं की रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानं असल्या कर्जाच्या वसुलीला सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर येताच येत नाही, आणि घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमचं गणित मी घातलं. सगळे मिळून 15,400. तुमची दोघांची कमाई 27,500. निम्म्याच्या वर गेलाय.

मी बाहेर आले ती दोन गोष्टींनी. चौथं उचललं नाही, ही पहिली. दुसरी पिग्मी. हसतील लोक, पण रोज 50 रुपये एजंटच्या हातात टाकते, चार वर्षं झाली. वर्षाला 18,000 होतात. जूनला पोरांच्या फिया आणि गणपती त्यातनं. आमचं कर्ज आजारपणानं कमी आणि ‘अचानक’ आलेल्या गणपतीनं जास्त वाढायचं, जसं काही तो दरवर्षी येत नाही. आता बायकांना बस फुकट झाल्यापासनं मी स्वतः रविवार पेठेत जाऊन रीळ, अस्तर होलसेलनं आणते. सुटते तेवढी पिग्मीत.

आणि मांडवाचं बोलू? भावकीत घातला म्हणून घातला, बरोबर. पण तुमचा बघून आणखी कुणी घातला असेल, तो बी कुठंतरी असाच लिहीत बसला असेल.

निपाणीकर_वकिलाकडे_कामाला | सोमवार, रात्री 8:30

थोडक्यात. शेकडा पाचवाल्याकडं सावकारीचं लायसन आहे का? कर्नाटकात 1961 च्या सावकारी कायद्याखाली ते लागतं, आणि बिनतारण कर्जाला वर्षाला 16 टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. मीटर बड्डीवाल्यांसाठी, म्हणजे भरमसाट व्याज लावणाऱ्यांसाठी, 2004 चा वेगळा कायदा आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारनं वसुलीच्या दंडेलीविरुद्ध वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला, त्यात 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड आहे. पण सरळ मिटत असेल तर आधी मिटवा. रोख देऊ नका, खात्यातनं द्या. चेक हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका, सोबत दोन माणसं न्या, ‘सर्व येणे मिळाले’ असं लिहून घ्या. कोरा चेक त्यानं आकडा घालून बँकेत टाकला आणि वटला नाही तर कलम 138 ची केस तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही.

अ‍ॅपचं नाव काढू नका. फोनमधले सगळे नंबर मागतात, मग चहाच्या गाड्यावर एक नाही, दोनशे जण बसतील. कार्डाच्या बँकेनं तक्रार ऐकली नाही तर 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फुकट आहे, माहितीचा नंबर 14448.

उद्यमबागचा_टर्नर | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री 10:10

सगळ्यांना एकदम लिहितोय.

मशीनवाल्याशी दुसऱ्याच दिवशी बोललो. तो म्हणाला, नोटीस त्याच्या घरी वडिलांनी घेतली, त्यांनी दोन दिवस भाकरी खाल्ली नाही. मी मान खाली घालून ऐकलं. हप्ते भरल्याची पावती त्याला दाखवली, त्यानं फोटो काढून वडिलांना पाठवला.

घरी सांगायला चार दिवस लागले. शहापूरच्या ताई, तुम्ही म्हणालात ते झालं. बायको पैशावर एक शब्द बोलली नाही, सोळा महिने कसा झोपलास म्हणाली. मग उठून वही आणली. आता वही तिच्याकडं, एटीएम कार्ड बी तिच्याकडं. मला रोजचे 60 मिळतात. पेट्रोल वेगळं.

बँकेनं 60,000 वाढवून दिले. चहावाल्याकडं आम्ही तिघे गेलो. तो म्हणाला, या महिन्याची बड्डी धरून 52,500. आमच्यातला एक जण लायसन बघू म्हणाला, तसा 50,000 वर आला. लिहून दिलं, चेक दिला. चहा पण त्यानंच सांगितला, आम्ही प्यालो नाही. कार्डाचे 24 हप्ते बांधून मिळाले, दर काकांनी म्हटला त्याच्यापेक्षा थोडा कमी बसला.

आता नवीन अडचण. वैशाखात बहिणीच्या मुलीचं लग्न. मामाचा आहेर म्हणजे मला आणि तिला दोघांनाही तोंड दाखवायला जागा पाहिजे. बायको म्हणते 2,000 च्या वर नाही. मी म्हणतो निदान साडी-पातळ. वही तिच्याकडं असल्यामुळं बहुतेक 2,000 च होतील.

शहापूरची_शिवणवाली | शनिवार, रात्री 10:25

नुसती साडी आणू नका, ब्लाऊज-फॉलसकट शिवून द्या वैनींच्या हातचं. कापड रविवार पेठेत घ्या.

निपाणीकर_वकिलाकडे_कामाला | शनिवार, रात्री 10:40

चेक फाडला का ठेवलाय?

उद्यमबागचा_टर्नर | शनिवार, रात्री 10:42

फाडला. पोरानं फाडला.