मेंटेनर: देखभालकर्ता, कारभारी की आणखी काही?

काना_मात्रा:
एका मुक्त स्रोत प्रकल्पाचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा, 'मेंटेनरच्या भूमिका आणि जबाबदाऱ्या' हा दस्तऐवज मराठीत आणतेय. मेंटेनर म्हणजे प्रकल्प चालता ठेवणारा, लोकांनी पाठवलेले बदल घेणारा किंवा नाकारणारा. मेंटेनरला मी सरळ 'देखभालकर्ता' लिहिलं. तपासणाऱ्याने पहिल्याच पानावर शेरा मारला की हे वाचताना लिफ्टची दुरुस्ती बघणारा डोळ्यांपुढे येतो. तेवढं मी सोडून दिलं असतं, पण पुढचं वाक्य असं आहे: 'देखभालकर्ता कारण देऊन कोणताही पीआर नाकारू शकतो.' (पीआर म्हणजे 'माझा बदल कोडमध्ये घ्या' अशी विनंती.) इथे मलाही अडखळायला झालं. देखभाल करणाऱ्याच्या हातात नकाराधिकार असतो, हे कानाला पटतच नाही. दुसरा शब्द सुचवा. 'परिरक्षक' नको, ते पदार्थ टिकवायला घालतात त्या रसायनाचं नाव वाटतं.

तळटीप:
मुळापासून बघू. इंग्रजीतला हा शब्द फ्रेंचमार्गे आला आणि त्याच्या तळाशी लॅटिनमधलं 'मानू तेनेरे' आहे, म्हणजे हाती धरणे. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचं क्रियापद 'सांभाळणे'. ते सं + भृ पासून आलंय. भृ मध्ये धरणं आणि पोसणं दोन्ही आहे. भार, भर्ता, भृत्य हे सगळे एकाच धातूचे. भर्ता म्हणजे पोसणारा आणि भृत्य म्हणजे ज्याला पोसायचं तो, चाकर. मेंटेनर नेमका या दोघांच्या मध्ये उभा असतो. प्रकल्प त्याच्या जिवावर चालतो आणि वापरणारे मात्र त्याला चाकरासारखं राबवतात. म्हणून माझं मत 'सांभाळकर्ता'.

पॅचवाला:
व्युत्पत्ती आवडली, शब्द नाही. दहा वर्षं या कामात आहे, 'सांभाळकर्ता' कुणाच्या तोंडी ऐकला नाही. आम्ही म्हणतो, 'मेंटेनरने अजून बघितलं नाही', 'मेंटेनरने पॅच (पाठवलेला कोडचा बदल) घेतला', 'मेंटेनर बदलले'. वाचणाऱ्याला त्या दस्तऐवजावरून प्रकल्पाच्या पानावर जायचंय, तिथे त्याला 'मेंटेनर' हाच शब्द दिसणार. मग मधेच नवा शब्द कशासाठी?

शुद्धलेखनी:
हाच युक्तिवाद 'महापौर' आला तेव्हाही झाला असता. सावरकरांनी तो दिला, आज कुणी थबकतं का? शब्द आधी कृत्रिमच वाटतो, वापरला की रुळतो. आपण वापरणारच नाही म्हणालो तर तो रुळणार कसा?

पॅचवाला:
महापौराच्या दारावर पाटी लागते, बातमीत रोज नाव येतं. मेंटेनरला पाटी नाही की बातमी नाही. तो शब्द फक्त काम करणाऱ्यांच्या बोलण्यात जगतो आणि ते आधीच 'मेंटेनर' म्हणताहेत. शिवाय आणखी एक सोय बघा. मेंटेनर आला, मेंटेनर आली, दोन्ही चालतं. 'कर्ता' आला की लगेच 'कर्ती' शोधत बसा.

रात्रपाळी:
मी तारखांची रूपांतरं करणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, सहा वर्षं सांभाळतेय. 'सांभाळतेय' हे क्रियापद बघा, न ठरवता आलं. पण नाम मी स्वतःसाठी कधीच वापरत नाही.

काना_मात्राला नकाराचं वाक्य अडलंय, त्यावर बोलते, कारण हे काम बहुतेक नकाराचंच आहे. गेल्या वर्षी एकाने पॅच पाठवला. लीप वर्षातली एक खरी चूक त्याने चार ओळींत दुरुस्त केली होती, आणि खाली ऐंशी ओळींत एक नवा पर्याय जोडला होता. चाचण्या पास, कोड नेटका, सोबत लिहिलेला संदेशही छान. त्या ऐंशी ओळी घेतल्या असत्या तर पुढची सगळी वर्षं त्या मला सांभाळाव्या लागल्या असत्या, त्याला नाही. 'चार ओळी घेते, बाकीचं घेता येणार नाही' एवढंच लिहायचं होतं. ते मी चार वेळा लिहून पुसलं. पहिल्यांदा रुक्ष झालं, दुसऱ्यांदा इतकं गोड की त्याला होकार वाटला असता. शेवटी त्या पर्यायाचं ओझं पुढे कुणावर पडेल हे दोन वाक्यांत सांगितलं. तो रागावला नाही, पण परतही आला नाही. हे अजून लागतं मनाला.

देखभाल म्हटलं की असलेली वस्तू जपणं. या कामात मात्र काय आत येऊ द्यायचं हे रोज ठरवावं लागतं. शब्द कोणताही घ्या, त्यात ते ठरवणं दिसलं पाहिजे.

तळटीप:
मग 'कारभारी'! मालक नाही, पण निर्णय त्याचा. दुसऱ्याचं काम दुसऱ्याच्या वतीने चालवणारा. आणि स्त्रीलिंग तयार आहे, कारभारीण.

शुद्धलेखनी:
कारभार फारसीतल्या 'कारोबार'वरून आला, त्यापेक्षा मेंटेनर काय वाईट?

तळटीप:
कार्यभार, कारभार. सरळ आहे. फारसीचं नाव काढायची गरजच काय?

शुद्धलेखनी:
'र्य'मधला 'य' कुठे गेला ते सांगा आधी.

काना_मात्रा:
कारभारी म्हटलं की मला नवऱ्याला मारलेली हाक ऐकू येते. 'कारभाऱ्यांनी पॅच नाकारला' असं दस्तऐवजात कसं लिहू?

रात्रपाळी:
आणि कारभाऱ्याकडे हिशेब मागता येतो. आमच्याकडे कोण मागणार? मुक्त स्रोत कोडला लावतात तो एमआयटी परवाना वाचा, मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही. कायद्याने आम्ही कशाचेच बांधील नाही, तरी लोक 'तुमची जबाबदारी' म्हणतात. जबाबदारीत 'जबाब' आहे, उत्तर देणं. खरं तर मी तेवढंच देऊ शकते. दुरुस्ती होईलच असं नाही, पण उत्तर मिळेल. त्या दस्तऐवजाच्या शीर्षकातला तो अर्धा भाग छान जमलाय, तो बदलू नका.

पॅचवाला:
लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, 'मेंटेनर्स' नावाचीच एक फाइल आहे. कोणता भाग कुणाकडे, पॅच कुणाला पाठवायचा, हे त्यात असतं, आणि प्रत्येक भागाची स्थितीही. 'सपोर्टेड' म्हणजे बघायचे पैसे कुणाला तरी मिळतात. 'मेंटेन्ड' म्हणजे कुणीतरी खरंच बघतंय. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, पण अधूनमधून एखादा पॅच टाकण्यापलीकडे त्याला वेळ नाही. मग 'ऑर्फन', म्हणजे बघणारं कुणीच नाही, आणि शेवटी 'ऑब्सोलीट', म्हणजे जुना झालेला कोड. म्हणजे पगारी आणि बिनपगारी यांना तिथे वेगळे शब्द आहेत. आपण इथे एका शब्दावर अडलोय.

काना_मात्रा:
'ऑर्फन' माझ्याही दस्तऐवजात आहे. मी 'बेवारस' केलंय.

रात्रपाळी:
नको ना. बेवारस म्हटलं की रस्त्यावरची बॅग किंवा मृतदेह. 'पोरकं' म्हणा. पोरकं पॅकेज. बोलतानाही तोंडात बसतं.

शुद्धलेखनी:
पोरकं फार हळवं आहे. तांत्रिक लेखनात 'अनाथ' पुरे.

तळटीप:
डेबियनमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, सोडलेल्या पॅकेजला 'ऑर्फन'च म्हणतात आणि नवा माणूस ते 'अडॉप्ट' करतो, म्हणजे दत्तक घेतो. तोवर मेंटेनर म्हणून तिथल्या क्यूए (गुणवत्ता बघणाऱ्या) गटाचं नाव लागतं. म्हणजे ते बेवारस नसतंच, कुणीतरी उंबरठ्यावर उभं असतं. पोरकं आणि दत्तक ही जोडी एका घरातली वाटते. बेवारस आणि दत्तक नाही वाटत.

पॅचवाला:
दत्तक देताना घर बघून द्या एवढंच म्हणतो. एक्सझेडचं, त्या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाचं, काय झालं आठवा. मूळ मेंटेनर एकटा, थकलेला. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे असं त्याने प्रकल्पाच्या ईमेल यादीवर सांगितलंही होतं, तरी 'जमत नसेल तर दुसऱ्याला द्या' असा तगादा त्याच्यामागे लागला. मदतीला आलेल्याने दोनेक वर्षं नीट काम केलं, विश्वास कमावला, आवृत्त्या काढायचे अधिकार मिळवले. मार्च 2024 मध्ये कळलं की 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये त्याने चोरदार ठेवलं होतं. ते उघड झालं तेही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे एकाने खणून काढलं म्हणून.

रात्रपाळी:
त्या तगाद्यातली वाक्यं मलाही आली आहेत, जवळपास जशीच्या तशी. मला लिहिणारे लोक खरे होते, नुसते अधीर. 'सोडून द्या' म्हणणं सोपं असतं. पण कुणाच्या हाती सोडू?

तळटीप:
'सोडणे' आणि 'सोपवणे'! काना_मात्रा, पायउतार होण्याच्या कलमात काय लिहिलंय तुम्ही?

काना_मात्रा:
'पद सोडल्यास'. बदलून 'काम सोपवताना' करते. मेंटेनरचं अजून ठरलं नाहीये. उद्या पहिला खर्डा द्यायचाय, तोवर 'मेंटेनर'च ठेवते आणि क्रियापदं सगळी अनेकवचनी करते, 'मेंटेनर नाकारू शकतात' अशी, म्हणजे तो-ती टळेल.

शुद्धलेखनी:
ठेवा, पण तळाशी 'सांभाळकर्ता' द्या तरी.

पॅचवाला:
काम सोपवायचं तर कुणाला, ते पण लिहावं लागेल. 'उत्तराधिकारी' लिहिलंत तर त्याचं स्त्रीलिंग काय करणार?

तळटीप:
उत्तराधिकारिणी. आणि ते 'उत्तर' म्हणजे जबाब नव्हे, नंतरचा. मघाशी रात्रपाळी यांनी जबाबाचं काढलं, त्याच्याशी गल्लत नको.

रात्रपाळी:
मला तर दोन्ही अर्थ हवे आहेत.