बाळ पेटीत आणि पुढ्यात संमतीपत्र: पहिल्याच रात्री सही मागावी का?

रामटेकचा_पाहुणा (धागाकर्ता)

राजेहो, मोठं लिहितोय. राग आहे म्हणून.

बायकोला तिसावा आठवडा होता. बीपी एकाएकी चढलं आणि रात्री अकराला सिझर झालं. मुलगी, 1,280 ग्रॅम. सगळ्यात लहान डायपरसुद्धा तिच्या काखेपर्यंत येत होता, सिस्टरनं कात्रीनं अर्धा कापून लावला. पहाटे साडेतीनला मी एनआयसीयूबाहेरच्या (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) बाकड्यावर चपला उशाला घेऊन पडलो होतो, तर एक ज्युनियर डॉक्टर सहा पानी कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, अभ्यास सुरू आहे. नळीतून दिलेलं दूध रोज किती वाढवायचं, हळू की भरभर, त्यावर. कोणत्या बाळाला कोणती पद्धत ते कॉम्प्युटर ठरवणार. म्हणजे चिठ्ठीच ना?

मी सही करणारच होतो. पेन उठलं नाही. त्या दुसरं आणायला आत गेल्या, तेवढ्यात मेहुणा आला आणि "थांबा भाऊजी" म्हणाला. म्हणून राहिली. त्या वेळी कोणी घराचं विक्रीखत पुढं केलं असतं तरी मी अंगठा दिला असता. याला संमती म्हणायचं? दवाखान्याचं नाव लिहीत नाही, उपचार नीट चालू आहेत. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या 24 तासांत असा कागद पुढं करायलाच बंदी हवी. आणि ज्यांना उत्तर माहीत नाही त्यांनी माझ्या लेकरावर का शिकावं?

निवृत्त_सिस्टर

भाऊ, लेकीला आशीर्वाद. पण शेवटचं वाक्य पटलं नाही.

मी 26 वर्षं अशा बाळांमध्ये काढली. चिठ्ठी तर रोजच पडते, फक्त कागदावर नसते. एका सरांचं युनिट असेल तर दूध भराभर वाढतं. दुसरे सर घाबरट, पोट जरा फुगलेलं दिसलं की बंद. तुमच्या मुलीच्या वजनाला हळू पद्धतीनं दिवसाला 23 मिली वाढ होते आणि भरभर म्हटलं तर 38. (किलोमागे 18 आणि 30 असा हिशोब.) हळू वाढवलं तर सलाइनची सुई जास्त दिवस, म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका. भरभर वाढवलं तर आतड्याला सूज येईल ही भीती. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 2,804 बाळांवर हेच दोन वेग तपासले, 2019 साली निकाल आला. दोन वर्षांनी पाहिलं तर अपंगत्वाविना जगलेल्या मुलांत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे आमचे दोन्ही सर वीस वर्षं उगाच भांडत होते!

दुसरं. सिझरच्या आधी वेळ मिळाला असेल तर वहिनींना इंजेक्शनं दिली असतील, बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून. ते औषध लिगिन्स आणि होवी या डॉक्टरांनी न्यूझीलंडमध्ये गरोदर बायकांवर चिठ्ठ्या टाकूनच तपासलं होतं, 1972 साली छापून आलं. तेव्हा कुणीतरी सही केली होती.

कोर्टाची_पायरी

सिस्टर, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, "कुणीतरी सही केली होती" हे फार गोड वाक्य आहे आणि त्याच गोडीत घोटाळे होतात. अमेरिकेत 24 ते 27 आठवड्यांच्या 1,316 बाळांवर ऑक्सिजनचा अभ्यास झाला, निकाल 2010 मध्ये. रक्तातलं प्रमाण 85 ते 89 टक्के ठेवायचं की 91 ते 95. कमी ऑक्सिजनवाल्यांत डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्याहून कमी झाला, पण मृत्यू जास्त: 19.9 टक्के, दुसऱ्या गटात 16.2. पुढं 2013 साली तिथल्याच सरकारी देखरेख कार्यालयानं ठपका ठेवला की संमतीपत्रात आईबापांना धोके नीट सांगितलेच नव्हते. तिथं ही गत, तर पहाटे साडेतीनला इथं कोण काय समजावणार?

आणि लांब कशाला जाता. त्याच फुप्फुसाच्या इंजेक्शनचा मोठा अभ्यास 2011 ते 2014 मध्ये सहा देशांत झाला. भारतातली दोन ठिकाणं होती, बेळगाव आणि आपला नागपूर भाग. खेड्यापाड्यात औषध पोचवलं. निकाल काय? हजार जिवंत जन्मांमागे 28 दिवसांच्या आत दगावणारी बाळं औषध न पोचवलेल्या भागात 23.9 होती, तर पोचवलेल्या भागात 27.4. ती जास्तीची बाळं कुणाची होती? आपल्याच आयाबायांची ना?

पाटणसावंगी_एसटी

वकीलसाहेब, अर्धीच गोष्ट सांगून राहिले तुम्ही. पुरती सांगा ना.

तो अभ्यास सुरू झाला तेव्हा बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं की औषध स्वस्त आहे, गुणकारी आहे, गावोगाव वाटा. सरळ वाटून टाकलं असतं तर हा आकडा कुणाला कळलाच नसता. मृत्यू तेवढेच झाले असते, फक्त मोजायला कोणी नसतं. अडचण अशी होती की गावात सोनोग्राफीशिवाय दिवस मोजायचे कसे, म्हणून पोटाची उंची रंगीत पट्टीनं मोजली. औषध मिळालेल्या बऱ्याच जणींची बाळं शेवटी पुऱ्या वजनाची झाली, म्हणजे त्यांना ते लागतच नव्हतं. मग जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा तपासलं, पाच देशांत, भारत त्यातही होता. या वेळी सोनोग्राफीनं दिवस नक्की करून, बाळांची सोय असलेल्या दवाखान्यांतच. 2020 चा निकाल: नवजात मृत्यू 23.5 वरून 19.6 टक्क्यांवर. औषध तेच, जागा बदलली आणि निकाल उलटला. हे तुमच्या-माझ्या डोक्यात बसून कळलं असतं का?

नागपूरचं नाव काढलंच आहे तर हेही लिहा. पहिलटकरणींना रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांतल्या जवळपास 12 हजार बायकांवर पाहिलं. नागपूर त्यातही होतं. प्रमाण 13.1 वरून 11.6 टक्के. (आता कोणी मेडिकलमधून आपल्या मनानं गोळी आणू नका बाप्पा.) आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, पण शेजारी तुलनेला 47 गावं मोजली म्हणूनच देशानं ऐकलं. आज आशाताई बाळाला पाहायला घरी येते, ती तिथून.

कोर्टाची_पायरी

मोजू नका असं मी कुठं म्हटलं? मोजायच्या आधी विचारा, आणि माणूस शुद्धीत असताना विचारा. नैतिकता समिती असते, कधीही बाहेर पडायचा हक्क असतो, नुकसानभरपाईचा नियम असतो, सगळं मान्य. यातलं धागाकर्त्याला त्या बाकड्यावर काय सांगितलं, तेवढं त्यांनी लिहावं.

आजी_महालवाली

तिसावा म्हणजे सातवा महिना संपत आला. आमच्यात म्हणत, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही.

निवृत्त_सिस्टर

आजी, नमस्कार. हे सगळ्या घरांत म्हणतात, पण आहे उलटं. पोटात जितके दिवस जास्त तितकं बरं. आठव्यातलं बाळ आहे म्हणून घरच्यांनी आशा सोडलेली मी पाहिली आहे, आणि ते बाळ धडधाकट घरी गेलेलंही.

अठ्ठावीसची_आई

माझा मुलगा 28 आठवड्यांचा, आता साडेचार वर्षांचा आहे. मला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या वाटतात.

मला त्याला छातीशी घ्यायला अकराव्या दिवशी दिलं. "आधी बाळ स्थिर होऊ द्या." तोवर काचेतून बघायचं आणि दूध काढून वाटीत द्यायचं. पुढं वाचलं की भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच दवाखान्यांत (दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं) नेमकं हेच तपासलं. एक किलो ते 1,799 ग्रॅमची बाळं, स्थिर व्हायची वाट न पाहता तास-दीड तासातच आईच्या किंवा घरच्या कुणाच्या तरी उघड्या छातीवर. 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 वर आले, म्हणून अभ्यास मुदतीआधीच थांबवला; निकाल 2021 मध्ये छापून आला. आता सांगा, पहिल्या 24 तासांत विचारायलाच बंदी घातली असती तर पहिल्या दोन तासांचं हे उत्तर कुठून आलं असतं? रामटेकचे भाऊ, तुमच्या नियमानं माझे ते अकरा दिवस तसेच राहतात.

पण राग समजतो. माझ्याकडं तर कुणी सहीसुद्धा मागितली नाही. मी शुद्धीवर होते, दूध माझं होतं, आणि कागद सगळे सासऱ्यांकडं.

रामटेकचा_पाहुणा

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. वकीलसाहेब, बाकड्यावर "काही नाही हो, रुटीन आहे" एवढंच सांगितलं होतं. खरा राग त्या "काही नाही"चा आहे. आज बायकोसोबत बसून सहा पानं वाचली. तिसऱ्या पानावर लिहिलंय की सही नसली तरी उपचार तेच राहतील. हे मला पहिल्यांदा सांगायला हवं होतं. बंदीचा हट्ट सोडतो. पण बाळंतपणाआधी वॉर्डात सांगता येत असेल तर तेव्हाच सांगा, आणि आईला सांगा, यावर मी ठाम आहे. त्या अभ्यासाची वेळ तर आमच्यासाठी गेली. मुलगी आता 1,610 आहे, पूर्ण दुधावर. काल पहिल्यांदा बायकोच्या गाऊनमध्ये तासभर झोपली.

कोर्टाची_पायरी

हे चालेल. मीही एवढंच म्हणत होतो.

पाटणसावंगी_एसटी

नाही, तुम्ही जास्त म्हणत होते. असो.

निवृत्त_सिस्टर

भाऊ, किती दिवसांची झाली ती? डोळ्यांचा पडदा तपासला का? 34 आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोखालचं बाळ असेल तर तीस दिवसांच्या आत पहिली तपासणी व्हायलाच हवी, बाळ कितीही छान दिसत असलं तरी.

रामटेकचा_पाहुणा

सव्वीसावा दिवस. कुणी काही बोललं नाही अजून. सकाळी राउंडला विचारतो.

निवृत्त_सिस्टर

राउंडची वाट पाहू नका. आत्ताच ड्यूटीवरच्या सिस्टरला फाइलवर लिहायला सांगा.