लॅपटॉपची बिजागरी सैल झाली, मग तुम्ही काय केलंत?

राजेंद्रनगरची आई:

नमस्कार मंडळी. बिजागरी म्हणा, हिंज म्हणा नाहीतर आपल्या इंदूरसारखं कब्जा म्हणा, मागच्या रविवारी लेकीचा लॅपटॉप उघडताना डाव्या कोपऱ्यातून कट्टकन आवाज आला आणि स्क्रीनच्या कडेची काळी पट्टी उकलून वर आली. आता झाकण बंद करायला गेलं की खालची बॉडी त्या बाजूनं तोंड वासते. कॉलेजचं तिसरं वर्ष, प्रोजेक्ट सगळा त्याच्यात, नवीन घेणं आत्ता शक्य नाही. सिल्व्हर मॉलला तीन दुकानं फिरले, एक म्हणाला पूर्ण पॅनल बदला साडेचार हजार, दुसरा म्हणाला फॅब्रिकेशन, म्हणजे तुटलेलं प्लास्टिकच भरून-सांधून देतो, बाराशे, तिसऱ्यानं तर हातातच घेतला नाही. तुमच्यापैकी कोणाकोणाला हे झालंय? काय केलंत, किती खर्च आला, आणि मुख्य म्हणजे ते किती महिने टिकलं ते लिहा. दुकानातून घरी येईपर्यंत सगळंच टिकतं हो, मला पुढचं हवंय.

सुदामानगर पेन्शनर:

ताई, पहिली गोष्ट, फेविक्विक लावू देऊ नका कोणालाही. मी लावलं होतं. दोन थेंब टाकले, ते ओघळून कब्ज्याच्या दांड्यात गेलं आणि कब्जा जाम झाला, आजूबाजूचं काळं प्लास्टिक पांढुरकं पडलं ते वेगळंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर स्क्रू ज्या प्लास्टिकच्या खुंटीत बसतात ती खुंटीच मुळापासून निघून आली. म्हणजे आधी नुसती तडा गेलेली होती ती मी पूर्ण घालवली. मग भाच्यानं बसून अराल्डाइटनं केलं, दोन ट्यूबवालं, समान भाग कालवून. आधी जुनं सगळं खरवडलं, पॉलिश पेपरनं जागा खरखरीत केली, पितळेच्या नटा परत जागेवर बसवून भोवती भरलं आणि पूर्ण चोवीस तास हात लावू दिला नाही. मला चार तासांतच बघायचं होतं पण तो ऐकेना, बरं झालं. दीड वर्ष झालं, अजून घट्ट आहे. खर्च दीडशेच्या आत.

जेल रोडचा रिपेअरवाला:

भिया राम सगळ्यांना. अकरा वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा लांब लिहितो. ताई, तुमचा कब्जा सैल नाहीये, उलट घट्ट झालाय, आणि लोकांचा घोळ इथेच होतो. आत एक स्टीलचा दांडा असतो, त्यावर चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात, टोकाला नट आणि मध्ये ग्रीस, त्या घासण्यामुळेच स्क्रीन जिथे ठेवाल तिथे थांबते. दोन-तीन वर्षांत ग्रीस सुकतं, धूळ बसते, दांडा फिरायला जड होतो. मग तुम्ही झाकण उचलता तो सगळा जोर कुठे जाणार? कब्जा लोखंडी, तो काही तुटत नाही, पण त्याला धरून ठेवणाऱ्या पितळेच्या बारीक नटा प्लास्टिकमध्ये बसवलेल्या असतात त्या उपटून येतात. तुमचा कट्ट आवाज तोच. थंडीत सकाळी ग्रीस अजून घट्ट असतं, डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे रांग लागते याची.

म्हणून नुसतं चिकटवून देणाऱ्याकडे देऊ नका. आधी टोकाचा नट पाव आटा ढिला करून दांडा मोकळा करायला पाहिजे, जुना मळ पुसून ग्रीसचा थेंब द्यायला पाहिजे, मग खुंटी भरायची. हे न करता एपॉक्सी, म्हणजे ते अराल्डाइटसारखं, भरलं तर जोर तेवढाच राहतो आणि शेजारचं प्लास्टिक फाटतं. गिऱ्हाईक म्हणतं तुमचं काम टिकलं नाही, आणि खरंच टिकत नाही. फेविक्विक आणि खायचा सोडा घालून दगडासारखं करतात तेही मी पाहिलंय, छोट्या खुंटीला चालतं पण ठिसूळ असतं, पडलं की गेलं. प्लास्टिक अगदीच उरलं नसेल तर मी मागच्या पॅनलला आरपार भोक पाडून वॉशर लावून नट-बोल्ट मारतो. दिसायला चांगलं नाही दिसत, पण ते हलत नाही. आणि दुकानात विचारा, स्क्रू कुठला कुठे जातो ते मांडून ठेवता का, कारण एखादा लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की हात ठेवायच्या बाजूनं टेंगूळ येतं.

भंवरकुआं, रूम नं. ९:

माझं पण असंच होतं पण मी परीक्षा आहे म्हणून चार महिने तसाच चालवला, कोपरा धरून उघडायचो कारण दुसऱ्या हातात कायम चहा नाहीतर पुस्तक. मग स्क्रीन लुकलुकायला लागली, एका ठरावीक कोनात बरी दिसायची, जरा हलवली की रेषा. मला वाटलं डिस्प्ले गेला, सहा हजारांची गोष्ट, घरी सांगायची हिंमत होईना. उघडल्यावर कळलं की डिस्प्लेची केबल कब्ज्याच्या अगदी शेजारून जाते, उखडलेल्या कब्ज्यानं ती चेपली होती. वायफायच्या काळ्या-पांढऱ्या तारा पण तिथूनच. केबल नऊशेला आली, कब्ज्याचं काम सातशे. ज्यांचा कोपरा नुकताच उकललाय त्यांनी प्लीज थांबू नका, आणि तोवर झाकण उघडं ठेवूनच वापरा, रोज उघड-बंद करू नका.

रामबाग अकाउंट्स:

माझं एकदम उलटं, खरंच सैल होतं. स्क्रीन मागे पडायची, मांडीवर घेतला की झोपूनच जायची. खालचं झाकण काढलं, बॅटरीचा कनेक्टर सुटा केला, पाहिलं तर उजव्या कब्ज्याच्या तीन स्क्रूपैकी एक गायब आणि दोन ढिले. तेवढे आवळले, तिसरा महाराणी रोडवरून आणला. पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. आधी हे बघा, मग दुकानात जा.

गाण्याचा क्लास, लोकमान्यनगर:

मी ऑनलाइन शिकवते, लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला. कब्ज्याजवळ फट दिसायला लागली म्हणून मीही तेच समजले, दोनदा हातानं दाबून बसवली सुद्धा. मग टचपॅड क्लिक होईना तेव्हा मुलगा म्हणाला आई थांब, दाबू नकोस. आत बॅटरी उशीसारखी फुगली होती, तिनंच बॉडी उचलली होती. म्हणजे मी फुगलेल्या बॅटरीवर जोर देत होते, आत्ताही आठवलं की अंगावर काटा येतो, पोरं समोर बसलेली असतात माझ्या. त्याच दिवशी बंद करून काढायला दिली. कब्जे ठणठणीत होते. फट दिसली तर टेबलावर ठेवून बघा, बूड सपाट टेकतंय की डगमगतंय.

राजेंद्रनगरची आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. टेबलावर ठेवून पाहिला, सपाट बसतोय, म्हणजे बॅटरी नसावी. झाकण हळूच उचललं तर उजवी बाजूही जडच लागतेय, हे मी आजवर कधी लक्षात घेतलं नव्हतं. लेकीला सांगितलंय, उघडाच ठेव आणि दोन्ही हातांनी मधूनच धर. जेल रोडवाले दादा, दोन्ही कब्जे मोकळे करून एकच खुंटी भरायची असेल तर लॅपटॉप किती दिवस ठेवावा लागेल? तिचं सबमिशन सोळा तारखेला आहे, त्याआधी परत मिळणार असेल तर उद्याच घेऊन येते.

जेल रोडचा रिपेअरवाला:

परवा संध्याकाळी घेऊन जा ताई. एक पूर्ण दिवस एपॉक्सी वाळायला जाईल, त्यात घाई करणार नाही. येताना प्रोजेक्टची कॉपी पेनड्राइव्हवर काढून ठेवा.