दगडाला तेल लावलं की चर्च पवित्र होतं?

खानापूरकर: मामाच्या गावातल्या नव्या कॅथोलिक चर्चच्या अर्पणविधीला गेलो होतो. बिशपस्वामींनी वरचा झगा काढला, पुढ्यात पांढरं कापड बांधलं आणि वेदीच्या मधोमध नि चारी कोपऱ्यांवर क्रिझ्मा, म्हणजे पवित्र तेल, ओतून अख्खा दगड तळहातानं चोळला. मग भिंतींवरच्या क्रुसांनाही तेल. सोहळा देखणाच. पण जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळ्यात पोरांची शिकवणी चालायची, ती इथं बंद. का, तर 'आता जागा पवित्र झाली.' मग इतकी वर्षं शेडमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, व्हायची तेव्हा देव कुठं होता? देव हातांनी बांधलेल्या मंदिरांत राहत नाही, असं बायबलात प्रेषित पौलानं अथेन्समध्येच सांगितलंय की!

पाळकाचा नातू: शंभर टक्के. बेळगावात 1820 साली लंडन मिशन हे प्रोटेस्टंट मिशन आलं, पुढं 1904 ला काम मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडं गेलं. आम्ही त्याच परंपरेतले. आमच्यात समर्पणाची उपासना होते: वचन, प्रार्थना, संपलं. तेलबिल नाही. मंडळी हेच मंदिर. तुमचं हे प्राणप्रतिष्ठेच्या अंगानं चाललंय, राग मानू नका.

कॅम्पवाली: राग नाही ओ, पण तुलना चुकली. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीत देवत्व येतं असं मानतात. इथं देवाला आत आणून कोंडायचं नसतंच. यरुशलेमचं मंदिर अर्पण करताना शलमोन राजाच म्हणाला, आकाशात तू मावत नाहीस, मग या घरात कसा मावशील? आणि क्रिझ्मा म्हणजे काय? ऑलिव्हचं तेल नि सुगंधी बाल्सम, पवित्र आठवड्यात बिशपनी आशीर्वादलेलं. बाप्तिस्म्याला तान्ह्या बाळाच्या टाळूला लावतात तेच. बाळ जसं देवाच्या नावावर करतो तशी वास्तूही. एकदा दिली की आपल्या सोयीसाठी परत मागायची नाही, एवढाच अर्थ.

खानापूरकर: ताई, पोरांचा अभ्यास ही 'आपली सोय'?

कॅम्पवाली: तसं नाही म्हणाले. अडवणारे कायदा अर्धाच वाचतात. कॅथोलिक चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन 1210 म्हणतो, पवित्र जागेत उपासना-भक्तीचंच काम व्हावं. पण जागेच्या पावित्र्याला बाधा नसेल तर बिशप एखाद्या वेळी दुसऱ्या कामालाही परवानगी देऊ शकतात. चर्च उपासनेला वापरता येण्यासारखं उरलं नाही, दुरुस्तीही शक्य नसली, तर ते दुसऱ्या कामाला लावायचीही तरतूद आहे, फक्त काम हलकं नसावं.

पाळकाचा नातू: म्हणजे पावित्र्य चढवायचं बिशपनी, उतरवायचंही बिशपनी! आमच्याकडं कमिटी भांडते, तेवढाच फरक.

कॅम्पवाली: 😄 तेही पवित्रच समजा.

खानापूरकर: फादरना फोन केला. म्हणाले, बिशप हाऊसला अर्ज दे. मराठीत की कन्नडात, ते मात्र बोलले नाहीत. पोरं सध्या चर्चच्या व्हरांड्यात बसतात, पागोळ्यांचं पाणी वह्यांवर उडतंय.