बेरोजगारी भत्ता ५० वरून २५ टक्क्यांवर आला, घरची बिलं कोणत्या क्रमाने भरायची?

हिंगणा_टर्नर
कारखाना बंद झाल्यावर ईएसआयसीच्या (कामगार विमा महामंडळाच्या) राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून भत्ता सुरू आहे. पगार १८,६०० होता. पहिले बारा महिने निम्मा मिळाला, आता दुसऱ्या वर्षी २५ टक्के, म्हणजे महिन्याला ४,६५० च्या आसपास. घरात शिवणकामाचे ६,००० येतात. एकूण १०,६५०.

खर्च असा: किराणा ६,०००, वीज २,२८० (मे महिन्याचं बिल, २१२ युनिट), बाइकचा हप्ता २,३५० (अजून ५ बाकी), शाळा १,२००, गॅस ९००, तीन मोबाइल मिळून ९००, पाणी ३८०. बेरीज १४,०१०. दर महिन्याला ३,३६० कमी पडतात. शिवाय घरपट्टीचे २,९०० थकले आहेत. घर स्वतःचं आहे, भाडं नाही. पीएफ अजून काढलेला नाही. हप्ता ५ तारखेला कटतो आणि भत्ता त्यानंतर जमा होतो, हीही एक अडचण.

सध्या प्रत्येक बिलातलं थोडं थोडं पुढं ढकलणं चालू आहे. ते बरोबर आहे का?

हिशोबनीस
बरोबर नाही. सगळी बिलं सारखी ढकलली की सगळीकडे दंड लागतो. एकच प्रश्न विचारा: हे बिल महिनाभर उशिरा भरलं तर किती रुपये जास्त जातील?

विजेच्या बिलाला मुदत संपल्यावर १.२५ टक्के विलंब आकार लागतो. २,२८० वर तो २९ रुपये. थकबाकी पुढं गेली तर व्याज वेगळं. घरपट्टीच्या थकबाकीवर कायद्याने महिन्याला २ टक्के शास्ती आहे, म्हणजे २,९०० वर दरमहा ५८ रुपये. टक्क्यात मोजलं तर वर्षाला २४ झाले. बाइकचा हप्ता बाउन्स झाला की फायनान्सवाला वेगळा आकार लावतो, बँक वेगळा. एका बाउन्सला हजाराच्या आसपास सहज जातात आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बिघडतो तो वेगळाच. शाळेचं मात्र लेखी अर्ज देऊन बोलता येतं.

म्हणून क्रम असा: किराणा आणि गॅस, मग बाइकचा हप्ता, मग वीज, मग घरपट्टी हप्त्याहप्त्याने. पाण्याचं बिल छोटं आहे, ते अडकवू नका.

हप्त्याच्या तारखेसाठी फायनान्स कंपनीला लेखी किंवा मेलवर विनंती करा की कपात १५ तारखेनंतरची करावी. बाउन्स व्हायच्या आधी विचारलं तर बहुतेक वेळा ऐकतात, दोन बाउन्स झाल्यावर ऐकत नाहीत. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, तिथवर जाऊ देऊ नका. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मीटर_बघा
विजेचं मी सांगतो, कारण तुमच्या यादीत खरी कमी होण्यासारखी गोष्ट तीच आहे.

महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यावर असे आहेत. पहिल्या शंभरचा दर वेगळा आणि त्यापुढचा जवळपास दुप्पट. वहन आकार (वीज पोचवण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून शंभरच्या आत युनिट साधारण ७ रुपयांना पडतं, शंभरच्या वर १३ च्या आसपास. दर आदेशागणिक मागंपुढं होतात, पण मुद्दा तोच. तुमचे २१२ युनिट आहेत, म्हणजे वाचवलेलं प्रत्येक युनिट त्या १३ वाल्यातून कमी होणार. १५० युनिट वाचवायची गरज नाही, ५५ वाचले तरी सातशे सुटतात.

आता ५५ कुठून आणायचे? जुना सीलिंग पंखा ७५ वॅट खातो. जो पंखा दिवसाला २० तास चालतो तो एकटा महिन्याला ४५ युनिट. त्याच जागी बीएलडीसी पंखा लावला (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण ३० वॅट) तर १८. वाचले २७. पंखा अडीच-तीन हजारांना येतो. फक्त सगळ्यात जास्त चालणारा एकच बदला, तिन्ही बदलायला आत्ता पैसे घालू नका.

कूलर २०० वॅटचा धरला तर १० तासांना २ युनिट. तो रात्री ७ तासांवर आणला की दिवसाला ०.६, महिन्याला १८ युनिट. नागपुरात मे महिन्यात ७ तास कसे, असं म्हणाल. कूलरच्या बाजूंच्या ताट्या दाट आणि ओल्या असतील तर होतं. एका ताटीवर पाणी न पोचता मधे कोरडा पट्टा पडला की तेवढ्या भागातून गरम वाराच आत येतो. वरच्या पन्हाळीची भोकं क्षारानं बुजलेली असतात, ती सुईनं मोकळी करा. वाळ्याची ताटी बुळबुळीत झाली असेल तर ती बदला, भुशाची स्वस्त मिळते. कूलरसमोर खिडकीची एक फळी उघडी हवी, नाहीतर दमट होतं आणि लोक कूलर वाढवत बसतात.

दोन जुन्या ट्यूबलाइट, चोक धरून ५० वॅटच्या, जागी २० वॅटची एलईडी. रोज ६ तास धरले तर महिन्याला ११ युनिट. २७, १८ आणि ११ मिळून ५६.

आधी घरात वीज वाया जाते का ते तपासा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, खाली ३२०० इम्प लिहिलेलं असतं (काहींवर १६००), म्हणजे एका युनिटला तेवढ्या लुकलुक. ३२०० वाल्यावर ६ मिनिटांत ३२ लुकलुक झाली तर सुमारे १०० वॅटचा भार चालू आहे. सगळी उपकरणं बंद करून मोजा. मग मेन एमसीबी (घराचा मुख्य स्विच) पाडा. एमसीबी पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर जोडणीत गडबड आहे, उपविभागात लेखी तक्रार द्या. फ्रिजच्या दारात शंभरची नोट अडकवून ओढा, ती सहज निसटली तर गास्केट (दाराचं रबर) गेली.

बिलावर रीडिंगच्या जागी सरासरी टाकली असेल तर तेही बघा. तीन महिने सरासरी लावून चौथ्यात एकदम मोठं बिल आलं तर ते सरळ भरू नका. त्या युनिटची महिन्यांवर विभागणी होऊन प्रत्येक महिन्याला टप्प्याचा फायदा मिळायला हवा.

अजून दोन. बिल निघाल्यापासून ७ दिवसांत भरलं तर १ टक्का तत्पर भरणा सूट असते. आणि उन्हाळ्याच्या आसपास सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव असावी म्हणून. ते पाहून घाबरू नका, हप्ते मागता येतात, सहापर्यंत मिळतात. वीज तोडायची झाली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस आली की हप्त्यांचा अर्ज नेऊन द्या, शिक्का मारलेली प्रत घरी आणा.

वर्धा_रोड
राशन कार्डाचं पण बघा की. शहरात प्राधान्य कुटुंबाला ५९,००० ची वार्षिक मर्यादा आहे. ४,६५० गुणिले १२ म्हणजे ५५,८००, आरामात बसता. माणशी ५ किलो धान्य मोफत आहे.

हिशोबनीस
@वर्धा_रोड, नाही बसत. उत्पन्न कुटुंबाचं धरतात, एकट्याचं नाही. शिवणकामाचे ७२,००० मिळवले की १,२७,८०० होतात, केशरीची एक लाखाची मर्यादासुद्धा ओलांडली. शिवाय तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा निघतो, त्यात तर भत्ता निम्मा होता. कार्ड आधीच प्राधान्य कुटुंबाचं असेल तर धान्य चालू राहील, पण नव्याने अर्ज करून झोन कार्यालयाच्या चकरा मारायच्या तर तो वेळ शिवणकामाला द्या.

उज्ज्वलाची जोडणी घरातल्या बाईच्या नावावर असेल तर सिलिंडरमागे सबसिडी खात्यात येते का, ते मात्र पासबुकात नक्की बघा. ई-केवायसी राहून गेल्यानं ती अडकते.

हिंगणा_टर्नर
कार्ड केशरी आहे, उज्ज्वला नाही. पीएफ काढू का? सगळा काढून दोन वर्षं निवांत राहावं, असं घरचे म्हणतात.

पीएफ_आणि_ग्रॅच्युइटी
सगळा काढू नका. त्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं, इतका दर घरात रोख ठेवून कोण देणार? लागेल तेवढाच काढा.

वरचा हिशोब पुढं नेतो. वीज ७०० कमी झाली. मोबाइल तीनऐवजी दोन: एकात डेटा, दुसऱ्यात फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक (तो आता सगळ्या कंपन्यांना द्यावाच लागतो), तर ४०० कमी. ३,३६० मधून १,१०० गेले, उरले २,२६०. बाइकचा हप्ता २,३५० आहे. म्हणजे खड्डा फक्त पाच महिन्यांचा आहे, हप्ता संपला की घर जमतं. पाच हप्ते म्हणजे ११,७५०, पंख्याचे २,७००, घरपट्टीचे २,९००. सगळे मिळून १७,३५०. तेवढाच काढा. लवकर फेडण्याच्या नादात कर्ज बंद करू नका, पाचच हप्ते राहिले असताना व्याज फारसं वाचत नाही, उलट फोरक्लोजर (मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा) आकार जातो.

मोबाइल कमी करताना आधारला आणि यूएएनला (पीएफच्या क्रमांकाला) जोडलेला नंबर कोणता ते आधी बघा. तोच नंबर बंद पडला तर ओटीपी येत नाही आणि पीएफचा दावा तिथंच अडतो. नाव किंवा जन्मतारीख आधार, पॅन आणि यूएएनमध्ये वेगळी असेल तरी दावा परत येतो, आणि कारखाना बंद असल्यानं दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागली तर ती मिळवणं कठीण जातं. म्हणून आधी जॉइंट डिक्लरेशनचं (तपशील दुरुस्तीच्या अर्जाचं) बघा, मग दावा टाका. काम सोडल्याची तारीख नोंदलेली आहे का तेही पोर्टलवर दिसतं, नसेल तर स्वतः टाकता येते.

सेवा पाच वर्षांहून कमी असली तरी कंपनीच बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) लागू नये, प्राप्तिकर कायद्यात तशी सूट आहे. बंदचं पत्र जपून ठेवा.

आणि ग्रॅच्युइटी मिळाली का? पाच वर्षं सलग झाली असतील तर शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १२,००० मूळ वेतन आणि ६ वर्षं धरली तर ४१,५३८ होतात. मालकाने ३० दिवसांत द्यायची असते. दिली नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज जातो.

मीटर_बघा
एक राहिलं. भत्ता चालू आहे तोवर ईएसआयचे उपचार तुम्हाला आणि घरच्यांना चालू असतात, भत्ता २५ टक्के झाला म्हणून ते कमी होत नाहीत. औषधं बाहेरून घेत असाल तर बंद करा. दवाखान्यात किंवा सोमवारी पेठच्या कामगार विमा रुग्णालयात ईएसआयचं ई-पहचान कार्ड आणि भत्त्याचे कागद न्या. खिडकीवर कार्ड बंद दाखवलं तर गणेशपेठच्या पंचदीप भवनातून (ईएसआयसीच्या कार्यालयातून) हक्काची मुदत अद्ययावत करून घ्या.

हिंगणा_टर्नर
बीपीच्या गोळ्या महिन्याला ३५० च्या बाहेरून येतात, वरच्या यादीत लिहिलंच नव्हतं. कार्ड आणि कागद काढून ठेवले. मीटरवर ३२०० लिहिलंय, सगळं बंद करून ६ मिनिटांत ११ लुकलुक झाली.

मीटर_बघा
११ म्हणजे ३४ वॅट. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि चार्जर सुटले असतील, प्लग काढून परत मोजा. मग एमसीबी पाडून शून्य येतं का ते सांगा.