गॅरेजचा कोबा उखडतोय, इपॉक्सीही सुटली. पुन्हा इपॉक्सी की नवा कोबा?

चष्मिश_नेरुळकर

नमस्कार मंडळी. नेरुळमध्ये आमचं सिडकोच्या वेळचं रो-हाउस आहे. पुढच्या पोर्चला बाबांनी शटर लावून गॅरेज केलं, १८ बाय १० फूट, खाली साधा कोबा. आता झाडून पाठ फिरवली की परत राखाडी पीठ. पुढच्या चाकांच्या जागी दोन खळगे पडलेत आणि त्यांतून काळी खडी वर आलीय. आई उन्हाळ्यात पापड तिथेच वाळवते, म्हणते यंदा पापडखाराऐवजी सिमेंटच पडलंय.

गेल्या मार्चमध्ये एका कंत्राटदाराकडून इपॉक्सी (फरशीवर रोलरने लावायचा चकचकीत, घट्ट होणारा लेप) मारून घेतली. त्याने ऍसिड ओतलं, पाण्याने धुतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर फिरवला. गणपतीपर्यंत नुसता आरसा! मग एकदा सकाळी गाडी बाहेर काढली तर टायरला पंजाएवढा पापुद्रा चिकटून आला. डावीकडच्या भिंतीशी फोड आलेत, एक नखाने फोडला तर आत पाणी. कंत्राटदार म्हणतो, तुमचे टायर गरम असतात. अहो, गाडी चालवून आणल्यावर टायर गरम नाही तर काय थंड असणार?

आता भारीतली इपॉक्सी मारू, की वरून नवा कोबा घालू? पावसाच्या आत उरकायचंय.

दुपारचा_चहा

पार्किंग टाइल्स लावा आणि मोकळे व्हा. आमच्या ऐरोलीला लावल्यात, काही कटकट नाही.

जुना_सुपरवायझर

टाइल्सचं नंतर बघू. आधी एक सांगा, तो पापुद्रा ठेवलाय का? त्याची पाठ कशी दिसते?

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या फरशा करण्यात गेली. सुटलेल्या इपॉक्सीची पाठ बघितली की निम्मं निदान होतं. पाठीला सिमेंटची भुकटी चिकटून आली असेल तर इपॉक्सीचा दोष नाही, ती कोब्याच्या वरच्या कच्च्या सायीला धरून बसली होती आणि सायच निघून आली. पाठ गुळगुळीत, चकचकीत असेल तर खाली तेल होतं किंवा कोबा पुरेसा खरवडला नव्हता. आणि पाठ ओलसर, पांढरट क्षार धरलेली असेल तर पाणी खालून येतंय. मग कितीही भारी डबा आणा, फोड येणारच. इपॉक्सी वाफ बाहेर जाऊ देत नाही, तिच्याखाली ओल कोंडते.

दुसरं काम आज रात्रीच करा. जाड प्लास्टिकचे दीड फूट बाय दीड फुटाचे तीन तुकडे घ्या. जिथे इपॉक्सी नाही अशा ठिकाणी चारही कडा टेप लावून घट्ट बंद करा. एक भिंतीशी, एक मधोमध, एक शटरजवळ. किमान १६ तास हात लावू नका. मग उचला आणि प्लास्टिकखाली दव किंवा कोब्यावर काळपट डाग दिसतो का ते बघा.

वागळे_इस्टेटचा_मेकॅनिक

दादा, परत ऍसिड वापरू नका. माझ्या गाळ्यात मी एकदा शटर अर्धं खाली ओढून तोच उद्योग केला होता. डोळे चुरचुरले ते चुरचुरलेच, सकाळी बघतो तर भिंतीवर टांगलेले सगळे पाने तांबूस. ती वाफ लोखंडाला गंज चढवते. शिवाय ऍसिडने तेलाचा डाग जात नाही, तेलाखालच्या सिमेंटपर्यंत ते पोचतच नाही. आधी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) दोन-तीनदा घासा आणि मग पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे. पसरून जिरला तर ठीक.

चष्मिश_नेरुळकर

काका, पापुद्र्याची पाठ अगदी तुम्ही म्हणालात तशी, पांढरट. जिभेला खारट लागली (हो, चाखली. बायकोने कपाळाला हात लावला).

प्लास्टिकचा निकाल: शटरजवळ कोरडं, मधोमध जरासा दमट डाग, आणि भिंतीशी तर खाली थेंब लोंबत होते. एप्रिलमध्ये! पाऊस नाही, काही नाही. आमच्याकडे खाडी जवळ, म्हणून असेल का?

जुना_सुपरवायझर

परत काही चाखू नका.

खाडीची ओल असती तर कमीजास्त का होईना, सगळीकडे दिसली असती. एका भिंतीला एवढं पाणी म्हणजे घरातलंच काहीतरी. त्या भिंतीपलीकडे काय आहे?

चष्मिश_नेरुळकर

जमिनीखालची पाण्याची टाकी.

जुना_सुपरवायझर

झालं तर मग. रात्री व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालवू नका, टाकीत पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा आणि सकाळी बघा.

टाकी गळत असेल तर आधी ती दुरुस्त करा आणि कोबा सुकू द्या. नवा कोबा घालायचा म्हटलं तर जुन्यावर नीट बसायला चाळीसेक मिलिमीटर जाडी हवी. तुमचं शटर तेवढं वर घेता येईल का? आणि अर्ध्या इंचाचा साधा थर काही महिन्यांत पोकळ वाजायला लागतो. म्हणून माझं मत: ग्राइंडर फिरवून इपॉक्सी आणि साय दोन्ही काढा. व्हॅक्यूम जोडलेलं मशीन मागा, मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. लोखंडी सळईने सगळीकडे ठोकून बघा, जिथे बद्द वाजेल तिथलं काढून टाका. खळग्यांना टाचे मारा, कडा उभ्या कापा, पातळ होत जाणारी कड उडते. कोबा ओला करून वरचं पाणी टिपून घ्या, जुन्या-नव्याची पकड बसावी म्हणून लॅटेक्स-सिमेंटचा घोल ब्रशने चोळा आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरा.

मग वरून लिथियम सिलिकेटचं हार्डनर. ते कोब्यातल्या चुन्याशी मिळून आत घट्ट होतं, धूळ थांबते आणि वाफेला वाट राहते. रंग येत नाही, चकाकी येत नाही आणि तेल सांडलं तर लगेच पुसावं लागेल. आरसा हवा असेल तर माझ्या सल्ल्याचा उपयोग नाही.

दुपारचा_चहा

काकांनी माझ्या टाइल्स टोलवल्याच. 😄

जुना_सुपरवायझर

ताई, टाइल्सखाली ओल दिसत नाही एवढंच.

चष्मिश_नेरुळकर

सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली. टाकीवाला रविवारी येतोय. टाकी दुरुस्त होऊन कोबा सुकेपर्यंत पाऊस येणार, म्हणजे फरशी दिवाळीनंतरच. तोवर गाडी रस्त्यावर. पापड यंदा मावशीकडे, वाशीला.